ह्युएन-त्संग, वानर आणि एक जपानी चित्रकथा

नीरा नदीचा पूल ओलांडून पुण्याहून मिरजेकडे जाणारी आगगाडी सातारा जिल्ह्यांत शिरली, कीं थोड्याच वेळांत लोणंदचें स्टेशन लागतें. कांद्याची मोठी पेठ म्हणून, आणि आषाढी वारींत नीरास्नान आटोपून आलेल्या ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीचा मुक्काम म्हणून, हें गांव महाराष्ट्रास परिचित आहे. येथील तरुण मुलांच्या तोंडीं अलीकडे 'गोकू' हें नांव वारंवार ऐकूं येतें. तें आसपासच्या एखाद्या पैलवानाचें असावें, अशी वडील मंडळीची समजूत. वस्तुतः तो एका जपानी चित्रकथेचा नायक आहे. आमच्या भाच्यानें गेल्या सुटींत तिचे बेचाळीस खंड इंग्रजी भाषांतरांत आमच्या मेजावर आणून ठेवले आणि "मामा, आधीं वाचा, मग काय ती टीका करा," असा सल्लाही दिला. सल्ला रास्त होता. इतिहासाच्या अध्यापकास त्या खंडांत काय आढळलें, तें सांगण्याचा येथें विचार आहे. कारण ज्या वाटेनें ही कथा जपानांत पोंचली, ती वाट तेराशें वर्षांपूर्वीं आपल्या महाराष्ट्रावरून गेलेली आहे.

'ड्रॅगन बॉल' हें ह्या चित्रकथेचें नांव. अकिरा तोरियामा (१९५५–२०२४) ह्या चित्रकारानें १९८४ पासून १९९५ पर्यंत 'शोनेन जंप' नांवाच्या मुलांच्या जपानी साप्ताहिकांतून ती प्रसिद्ध केली. एकंदर प्रकरणें ५१९. अशा चित्रकथेस जपानी लोक 'मांगा' म्हणतात. ती उजवीकडून डावीकडे वाचावयाची असते, आणि पन्नाशी उलटलेल्या डोळ्यांचा पहिला खंड ही संवय लावून घेण्यांतच खर्चीं पडतो. पुढें चित्रें आपोआप धांवूं लागतात. अरण्यांत एकटा राहणारा, शेपूट असलेला एक मुलगा. त्याला शहरांतून आलेली बुल्मा नांवाची मुलगी भेटते. जगांत विखुरलेले सात गोळे एकत्र आणले असतां एक दिव्य सर्प प्रगट होतो आणि एक वर देतो, असें ती सांगते. दोघें शोधास निघतात. वाटेंत त्यांना रूपें पालटणारा एक डुक्कर आणि वाळवंटांतील एक दरोडेखोर भेटतो, आणि पुढें तेही सोबती होतात. एवढ्या खटाटोपानंतर पहिला वर ज्या वस्तूसाठीं खर्चीं पडतो, तिचें नांव ह्या पृष्ठांवर लिहिण्यास संकोच वाटतो. आरंभींच्या खंडांतील विनोद कित्येक ठिकाणीं असाच हीन आहे, हें पालकांनीं लक्षांत ठेवावें.

परंतु ज्याला थोडासा पूर्वेतिहास ठाऊक आहे, तो ह्या मंडळीस लगेच ओळखतो. ज्या चिनी अक्षरांचा उच्चार जपानी लोक 'सोन गोकू' असा करतात, त्यांचाच चिनी उच्चार 'सुन वुकोंग'. आणि सुन वुकोंग म्हणजे 'पश्चिमयात्रा' ह्या प्रसिद्ध चिनी कादंबरींतील वानरवीर. त्याची इच्छेसरशी लांब होणारी काठी, त्याचें बसावयाचें ढगाचें वाहन, सोबतीचा डुक्कर, सारें त्या ग्रंथांतून आलेलें आहे. हा शंभर अध्यायांचा ग्रंथ १५९२ सालच्या प्रतींत आज उपलब्ध असून त्याचें कर्तृत्व वू छंग-अन् ह्या गृहस्थाकडे देण्याचा प्रघात आहे. १९४२ सालीं आर्थर वेली ह्यांनीं त्याचा संक्षेप इंग्रजींत केला. आणि ह्या कादंबरींत वानर ज्याचा सेवक म्हणून चालतो, तो भिक्षु कल्पित नव्हे. तो म्हणजे आपल्या शाळांतील इतिहासाच्या पुस्तकांतून सर्वांस ठाऊक असलेला ह्युएन-त्संग.

खऱ्या ह्युएन-त्संगाचा प्रवास कोणत्याही साहसकथेस लाजवील असा आहे. बादशाही मनाई असतां तो चोरून चीनबाहेर पडला. गोबीच्या वाळवंटांत त्याचें पाणी सांडलें आणि चार रात्री व पांच दिवस तो पाण्यावांचून चालला, असें त्याचा शिष्य चरित्रांत लिहितो. ६४५ सालीं तो परतला, तेव्हां त्याच्यापाशीं ६५७ ग्रंथ होते व ते वाहण्यास वीस घोडे लागले. कादंबरीकारानें मात्र ह्या धैर्यवान् पुरुषास भित्रा व रडवा केला आहे, आणि सारा पराक्रम वानराच्या पदरीं घातला आहे. जपानी चित्रकारानें आणखी एक पाऊल पुढें टाकलें: भिक्षूस त्यानें काढूनच टाकलें, आणि त्याच्या जागीं बुल्मा आली. ग्रंथांच्या शोधाचा गोळ्यांचा शोध झाला. तेराशें वर्षांत यात्रेकरू गळाला आणि त्याचा चाकर उरला.

हा भिक्षु ६४१ च्या सुमारास कोंकणपुराकडून अरण्य ओलांडून महाराष्ट्रांत आला. त्या वेळीं येथें चालुक्य दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. ऐहोळे येथील शके ५५६ च्या लेखांत त्याच्या राज्यांतील तीन महाराष्ट्रकांचा व नव्याण्णव हजार गांवांचा उल्लेख आहे. त्यांतच उत्तरेच्या हर्षाच्या पराभवावर त्याच्या नांवाची ती सुप्रसिद्ध कोटी आहे. आमचा मुलूखही त्याच राज्यांत होता, ह्याची साक्ष पुलकेशीचा धाकटा भाऊ विष्णुवर्धन ह्याचा साताऱ्यास मिळालेला ताम्रपट देतो. ह्युएन-त्संगानें येथील शंभरावर विहार व त्यांतील पांच हजारांवर भिक्षु ह्यांची नोंद केली, पूर्वसीमेवरील डोंगरांतील लेण्यांचें वर्णन केलें (तें अजिंठ्याचें, असें सर्व पंडित मानतात), आणि येथील माणसांविषयीं जें लिहिलें, तें वाचून आजचा मराठी वाचक हंसेलही आणि चरकेलही.

तो म्हणतो, हे लोक मानी व युद्धप्रिय आहेत. उपकार विसरत नाहींत आणि अपमान सोसत नाहींत. संकटांत सांपडलेला कोणी मदत मागूं आला, तर स्वतःचें भान विसरून धांवतात. सूड घ्यावयाचा असेल, तर शत्रूस आधीं सूचना देतात; मग दोघेही सशस्त्र होऊन भाल्यांनीं लढतात. पळणाऱ्याचा पाठलाग करतात, पण शरण आलेल्यास मारीत नाहींत. सेनापति हरून आला, तर त्याला दुसरी शिक्षा नाहीं. बायकांचीं वस्त्रें नजर करतात, म्हणजे तो आपण होऊनच मरण पत्करतो. राजाच्या पदरीं कांहीं शें निवडक वीर असतात; ते मद्य पिऊन रणांत उतरतात आणि एकेकटा भालाईत दहा हजारांस आव्हान देतो. त्यांच्यापुढें नगारे वाजत असतात. त्यांच्यापैकीं कोणीं वाटेंत एखाद्यास ठार केलें, तरी कायदा त्यास विचारीत नाहीं.

हें शेवटचें वाक्य आपले वक्ते सभांतून सहसा सांगत नाहींत. पण बाकीचा मजकूर डोक्यांत ठेवून ही चित्रकथा वाचावी. पानोपानीं ओळखीचें भेटतें. तेथेंही आव्हान आधीं द्यावयाचें असतें. सेल नांवाचा एक दैत्य तर आपल्या कुस्तीचा आखाडा स्वतः आंखतो आणि कित्येक दिवस आधीं साऱ्या जगास दवंडी देतो. तेथेंही पडलेल्या शत्रूस गोकू जीवदान देतो. पिकोलो व वेजिटा हे दोघे अशा रीतीनेंच वांचतात आणि कालांतरानें मित्रपक्षास मिळतात. झिंगून लढण्याची कलाही तेथें आहे. तिचा उगम मात्र १९७८ सालच्या एका हाँगकाँगच्या चित्रपटांत आहे, पुलकेशीच्या वीरांत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच, कीं ज्या भिक्षूच्या यात्रेंतून ही कथा अखेर जन्मास आली, त्यानें स्वतः ज्या देशांत अशी रणनीति पाहिली व लिहून ठेवली, तो देश आमचा होता. ह्याहून अधिक नातें जोडूं पाहणें हा उत्साह होईल, इतिहास नव्हे.

वानराविषयीं मात्र खुद्द पंडितांतच वाद आहे. हा सुन वुकोंग मूळचा आपला हनुमान असावा, असें मत चिनी विद्वान् हू शी ह्यांनीं १९२३ सालीं मांडलें. लू शुन ह्यांनीं तें न मानतां ह्वाय नदींतील एका जुन्या चिनी जलराक्षसाकडे बोट दाखविलें. हा प्रश्न अद्याप सुटलेला नाहीं, आणि आमचा कल हू शी ह्यांच्याकडे असला, तरी त्याचें कारण पुराव्यापेक्षां आमच्या परिसरांत अधिक आहे. समर्थ रामदासांचे अकरा मारुति प्रायः ह्याच भागांत विखुरलेले आहेत: चाफळ, मसूर, उंब्रज, शहापूर, माजगांव हे साताऱ्याकडे, शिराळें व बहें-बोरगांव हे सांगलीकडे. तालीम म्हटली कीं तेथें मारुति आलाच. शेपटीचा, अचाट बळाचा आणि मनानें पोरासारखा सरळ असा वीर येथील मुलास नवा नाहीं. मांगा हातीं येण्यापूर्वींच तो त्यास शेंदूर लावून आलेला असतो.

यात्रेकरूचा वानर कसा होतो, हें पाहून कोणी चिनी-जपानी कल्पनेस नांवें ठेवील, तर त्यानें सिंहगडाकडे पाहावें. १६७० च्या त्या रात्रीविषयीं सभासद आपल्या बखरींत लिहितो, तें साधें आहे: दोन निवडक मावळे वानरासारखे कडा चढून गेले आणि मागून इतर लोक चढले. त्यांत घोरपड नाहीं. यशवंती घोरपड आली ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यांतून, आणि एकदां आली ती कायमची. आज शाळेंतील शंभर मुलांस विचारा; घोरपड सर्वांस ठाऊक असेल आणि ते दोन मावळे फार तर एकास. माणसांनीं केलेलें काम जनावराकडे दिल्याशिवाय लोककथेस समाधान होत नाहीं, असें दिसतें. सभासदानें सांगितलेला खरा प्रसंग, तानाजीची ढाल तुटली व दुसरी वेळेवर न मिळाल्यानें त्यानें डाव्या हाताचीच ढाल केली, हा घोरपडीहून कितीतरी मोठा आहे.

आतां गुणदोषांविषयीं. ह्या चित्रकथेचा पूर्वार्ध आम्हांस मनापासून आवडला, आणि त्याचें कारण म्हणजे त्यांतील वस्ताद. कामेसेन्निन हा म्हातारा गोकू व त्याचा सोबती क्रिरिन ह्यांस शिष्य करून घेतो, पण डाव शिकवीत नाहीं. पाठीवर कांसवाचें जड कवच बांधून घरोघर दूध पोंचवावयाचें, नुसत्या हातांनीं शेत नांगरावयाचें, गांधीलमाशा चुकवावयाच्या, असा त्याचा पाठ! पुढें तोच म्हातारा वेष व नांव पालटून कुस्त्यांच्या मैदानांत उतरतो आणि अंतिम सामन्यांत गोकूस हरवितो. हेतु हा, कीं पहिल्याच विजयानें पोर चढून जाऊं नये. वस्ताद एक डाव राखून ठेवतो, असें आपल्याकडे म्हणतात. तो डाव कशासाठीं राखावयाचा, ह्याचें इतकें प्रेमळ उत्तर आमच्या वाचनांत दुसरें नाहीं.

उत्तरार्धांत हा आनंद ओसरतो. सतराव्या खंडाच्या आसपास एक यंत्र येतें. डोळ्यावर लावलें, कीं समोरच्या माणसाचें बळ आंकड्यांत दिसतें. परग्रहाहून आलेला रॅडिट्झ प्रथम एका शेतकऱ्यास मोजतो. त्याची किंमत पांच भरते. लोणंदच्या बाजारांत ज्यानें शेतकऱ्याची किंमत आंकड्यांत ठरतांना पाहिली आहे, त्याला ह्या चित्राचा उपरोध वेगळा सांगावा लागत नाहीं. पण त्यानंतर आंकडे हजारांवर, लाखांवर जातात, आणि डाव, पेंच, युक्ति ह्यांस काम उरत नाहीं. ज्याचा आंकडा मोठा तो जिंकतो. हरलेला ओरडतो, त्याचे केस सोनेरी होतात आणि आंकडा पालटतो. चित्रकाराची रेघ शेवटपर्यंत सुरेख आहे. कुस्ती मात्र संपलेली आहे.

कुस्ती म्हणजे आंकडा नव्हे, हें साताऱ्यास कोणीं सांगावयास नको. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनला सहावे आले, आणि १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या गटांत सुवर्णपदक मिळालें तें जपानच्या शोहाची इशी ह्यांस, आणि खाशाबांची त्यांच्याशींही गांठ पडली होती. ठेंगण्या बांध्याच्या ह्या माणसाची सारी मिळकत म्हणजे त्याचे चपळ डाव. त्यांना हेलसिंकीस जाण्यासाठीं पैसे उभे करावे लागले, तेव्हां कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनीं आपलें घर गहाण टाकलें. वस्ताद, शिष्य, मैदान, परदेशचा प्रतिस्पर्धी, पराभव आणि पुन्हां चार वर्षांची मेहनत, साहसकथेस लागणारें सर्व साहित्य येथें आहे, आणि तें खरें आहे. खाशाबा १९८४ सालीं अपघातांत वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस जपानांत गोकूचें पहिलें प्रकरण निघालें. आमच्या भाच्यास ही हकीकत सांगितली तेव्हां त्यानें विचारलें, "मग ह्यांच्यावर असे बेचाळीस खंड कुठें आहेत?" आमच्या कपाटांत त्या विषयावर दाखविण्यासारखी एकच लहानशी पुस्तिका निघाली, आणि तींत चित्रें नव्हतीं.

एक गोष्ट मात्र ह्या साऱ्या रूपांतरांतून टिकून राहिली आहे. 'गोकू' ह्या नांवाचा अर्थ 'शून्याचा बोध झालेला' असा आहे. हें शून्य महायानाचें, प्रज्ञापारमितेचें. ह्युएन-त्संगानें भारतांतून नेलेल्या ग्रंथांत प्रज्ञापारमिता मुख्य होती, आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, ६६० पासून ६६३ पर्यंत, त्यानें तिचे सहाशें भाग चिनी भाषेंत उतरविले. बेचाळीस खंडांत कोणीही ह्या नांवाचा अर्थ विचारीत नाहीं, आणि तसें पाहतां विचारण्याचें कारणही नाहीं.

कथेच्या शेवटच्या प्रकरणांत गोकू भरल्या मैदानांतून सामना अर्धा सोडून निघतो. एका गरीब खेड्यांतून आलेला ऊब नांवाचा मुलगा त्याला आपल्या तोडीचा वाटतो. त्याला पाठीवर घेऊन, शिकविण्यासाठीं, तो बायकामुलांचा निरोप घेतो आणि उडून जातो. ह्युएन-त्संग परतल्यावर बादशहानें त्यास दरबारीं पद देऊं केलें होतें. तें त्यानें नाकारलें, आणि ६६४ सालीं मरण येईपर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षें, तो शिष्य भोंवतीं घेऊन भाषांतर करीत बसला.