'मिस्टर जोन्स' आणि आपले शोएबुल्ला खान

'मिस्टर जोन्स' (2019) हा पत्रकार गॅरेथ जोन्स यांच्यावरचा चरित्रपट. स्टालिन सरकार दडवत असलेला युक्रेनचा भीषण दुष्काळ त्यांनी 1933 मध्ये जगापुढे आणला.

आमचे शिरूर अनंतपाळ ज्या निजामी राज्यात होते, तिथेही असा पत्रकार होऊन गेला. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान. हैदराबाद भारतात विलीन व्हावे, असे ते उघड लिहीत, रझाकारांना झोडपत. (बाबासाहेबांनीही 1947 मध्ये संस्थानातील अस्पृश्यांना, निजामाची बाजू घेऊ नका, असे बजावले होते.) ऑगस्ट 1948 मध्ये रात्री घरी परतताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, हात तोडला. महिन्याच्या आत, 17 सप्टेंबरला, निजाम शरण आला.

मुक्तिसंग्रामाला हिंदू-मुस्लिम भांडण ठरवणाऱ्यांना हा संपादक अडचणीचा आहे. त्यांच्यावर मराठीत चित्रपट यावा, असे आम्हाला वाटते. तोवर मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणात निदान त्यांचे नाव तरी घेऊ.