चाळीच्या भिंतीतली ओल

गिरगाव आणि गिरणगावातील जुन्या चाळी बहुतेक लाकडी सांगाड्याच्या: सागवानी खांब, तुळया, मधे विटा, वर चुन्याचा गिलावा. चुना ओल शोषतो तशी सोडतोही, त्यामुळे पावसाळ्यात भिजलेली भिंत हिवाळ्यात सुकत असे. खरा घात केला तो खोलीच्या कोपऱ्यातल्या मोरीने. तिचे पाणी लादीखालून झिरपून भिंतीत बसवलेल्या तुळईच्या टोकाशी साचे. हवा न लागणारे हे टोक आधी कुजे. खोलीतला रंगवलेला भाग मात्र धडधाकट दिसे.

1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि अनेक घरमालकांनी डागडुजीतून अंग काढून घेतले. इमारती कोसळू लागल्यावर 1969 मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला. पुढे हे काम म्हाडाकडे गेले. दुरुस्तीसाठी गिलावा खरवडला की काळी बुरशी, वाळवीची माती आणि बोटाने भुगा होणारे लाकूड हाती येई. मग टेकू लावून कुजक्या तुळईच्या जागी लोखंडी गर्डर घालत. गळती तशीच राहिली तर तोही गंजे. सिमेंटच्या गिलाव्याची घाई तर आणखी महागात पडली, कारण ओल भिंतीतच कोंडली आणि पोपडे दुसऱ्या बाजूने निघू लागले.

नंतर रहिवाशांनी खोलीतच संडास घेतले, भिंतींना टाइल्स आणि छताला फॉल्स सीलिंग लावले. डाग झाकले गेले, झिरपणे चालूच राहिले. म्हणून जाणकार कंत्राटदार नूतनीकरणात आधी मोरीची लादी उखडतो, पाइप तपासतो आणि भिंत पुरती सुकल्यावरच गिलाव्याला हात घालतो.