सायकलच्या दुकानातून लोखंडी नांगराकडे : कसब आणि किंमत यांचा हिशेब

१/ पाचोरा-जामनेर पट्ट्यातील एखाद्या जुन्या गोठ्यामागे आजही गंजलेला लोखंडी नांगर सापडतो. त्याच्या आधीच्या लाकडी नांगराचे मात्र बहुधा केव्हाच सरपण झालेले असते. या दोन नांगरांच्या मध्ये बेळगावातले सायकलचे एक लहानसे दुकान उभे आहे. आजचा धागा त्या दुकानाविषयी.

२/ लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण अंशतः रंगांधत्व असल्यामुळे रंगांची वाट बंद झाली. मग त्यांनी यांत्रिक रेखाटन आत्मसात केले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले.

३/ १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलचे दुकान उघडले. बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा त्यात भागीदार होते. दोन समान चाकांची ‘रोव्हर’ सायकल इंग्लंडमध्ये १८८५ साली आली आणि डनलॉपची हवेची धाव १८८८ साली. म्हणजे हे यंत्र युरोपातही नवेच होते. त्या काळी भारतात सायकली बनत नव्हत्या. त्या आयात होत आणि सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर असत.

४/ सायकली विकणे, दुरुस्त करणे आणि त्या चालवायला शिकवणे, ही सारी कामे हे दुकान करी. माझ्या मते पुढच्या सर्व उद्योगाचे बीज येथेच आहे. अनोळखी यंत्राचा गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतो तो असा : “मोडले तर?” त्याचे उत्तर दुकानदाराजवळ असावे लागते.

५/ पुढे याच धडपडीतून कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. परदेशी लोखंडी नांगर बाजारात होतेच. प्रश्न होता तो येथल्या शेतकऱ्याला परवडेल असा नांगर येथेच घडवण्याचा. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते.

६/ “लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांची अंधश्रद्धा होती,” हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण. तशी भीती असेलही. परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे शेतकऱ्याला अडाणी ठरवून मोकळे होणे. त्याच्या बाजूचा हिशेब आपण मांडून पाहू.

७/ जुना नांगर बाभळीच्या लाकडाचा. तो गावचा सुतार घडवी आणि फाळ लोहार शेवटून देई. दोघेही बलुतेदार, मोबदला सुगीला धान्यात. रुमणे मोडले, तर सुतार हाकेच्या अंतरावर. रोख पैसा जवळजवळ लागतच नसे.

८/ आमच्या खानदेशात तर काळ्या कापसाच्या जमिनीत दरवर्षी नांगरटही होत नसे. बरेचसे काम वखरावर भागे. खोल नांगरटीची खरी गरज भासे ती हराळी आणि कुंदा शेतात माजल्यावर. त्यांची मुळे खोलवर जातात आणि माती उलथवणारा लोखंडी नांगर तेथे उपयोगी पडतो. मात्र तो ओढायला बैलही अधिक लागतात.

९/ आता साल पाहा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन भीषण दुष्काळांतून मुंबई इलाखा नुकताच बाहेर पडत होता. असंख्य जनावरे दगावली होती. हाती रोकड नव्हती आणि दावणीला पुरेसे बैल नव्हते. अशा वेळी परगावी बनलेली, रोख पैशाने घ्यायची आणि अधिक बैल मागणारी वस्तू घेताना शेतकरी अडखळला, तर त्यात नवल काय?

१०/ मग कसब आणि किंमत यांचा मेळ कसा बसला? ओतीव कामाचे मर्म साच्यात असते. कारागीर आधी लाकडाचा नमुना घडवतो, तो वाळूत दाबून पोकळी करतो आणि तीत वितळलेले बीड ओततो. नमुना एकदा नेमका साधला की त्याबरहुकूम शेकडो भाग निघतात. सुताराचा हात येथेही लागतोच. फरक इतकाच, की पूर्वी तो प्रत्येक नांगराला लागे आणि आता एकदाच नमुन्याला लागतो. स्वस्ताई येते ती तेथून. शिवाय झिजलेला भाग तेवढा बदलता येतो, सायकलच्या दुकानातील “मोडले तर?” या प्रश्नाचे हे उत्तर.

११/ बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या. त्या तोफांचे नांगर झाले! १९२० पासून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिकही निघू लागले.

१२/ या यशोगाथेला दुसरी बाजू आहे. नांगर कारखान्यातून येऊ लागला, तसे गावच्या सुताराचे एक हक्काचे काम गेले आणि त्याबरोबर बलुत्यावरचा त्याचा दावाही सैल झाला. काहींना जातीने बांधलेल्या व्यवसायातून सुटकेची वाट मिळाली, तर काहींची केवळ भाकरी गेली. कारखान्याचा इतिहास लिहिला जातो. त्या सुतारांचा सहसा लिहिला जात नाही.

१३/ मित्रहो, एक विनंती. गावी गेलात की गोठ्यामागचा तो नांगर पाहा. ओतीव भागावर निर्मात्याचे नाव उमटले आहे का ते शोधा, छायाचित्र घ्या. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढे अवश्य विचारा : “याच्या आधीचा नांगर कोणी घडवला होता?” ते नाव आठवणारी कदाचित ही शेवटचीच पिढी असेल.