चौकाची भीती : बर्लिन १८७१ ते बिन महमूद



आमच्या बिन महमूदमध्ये एक संवाद वारंवार कानावर पडतो. "वहिनी दिसल्या नाहीत बऱ्याच दिवसांत?" "नाही हो, तिला बाहेर पडायला आवडत नाही." जुलैत पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, तेव्हा ते कुणालाच आवडत नाही. पण डिसेंबरात, अख्खं दोहा कॉर्निशवर लोटलेलं असताना हेच उत्तर आलं, तर जरा थांबून विचार करावा. कारण या 'न आवडण्या'ला दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याला नावही आहे : अ‍ॅगोराफोबिया.

हे नाव दिलं बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल या डॉक्टरांनी, १८७१ साली. त्यांच्याकडे तीन रुग्ण आले होते आणि तिघंही पुरुष होते. एरवी कामधंदा नीट करणारे, पण मोठा चौक किंवा सुनसान रस्ता एकट्याने ओलांडायची वेळ आली की छाती धडधडायची, अंग कापायचं, आता काहीतरी भयंकर होणार असं वाटायचं. त्याआधी वर्षभर, १८७० मध्ये, व्हिएन्नाच्या बेनेडिक्ट यांनी याला 'चौकातली भोवळ' म्हटलं होतं. वेस्टफाल म्हणाले, भोवळ नव्हे, मूळ गोष्ट भीती आहे. त्यांनी आणखी एक बारकावा टिपला. सोबत कुणी असलं, हातात काठी असली, तर हीच माणसं तो चौक पार करत. ही काठी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'अ‍ॅगोरा' म्हणजे ग्रीक गावातला बाजारचौक. आपण सरसकट 'मोकळ्या जागेची भीती' म्हणतो, आणि तिथेच घोळ होतो. मैदानापेक्षा मॉलमधली रांग, भरलेली लोकल, सिनेमाची मधली खुर्ची, हायवेवरचा ट्रॅफिक जॅम हेच अनेकांना जास्त छळतात. भीती जागेची नसतेच. 'इथे मला काही झालं तर पटकन निसटता येणार नाही, मदत मिळणार नाही' याची असते. फ्रॉइडने १८९५ मध्येच हे नेमकं पकडलं होतं : रुग्ण घाबरतो तो आधी आलेल्या झटक्याच्या आठवणीला, तो पुन्हा येईल याला.

गंमत म्हणजे नगररचनाकारांनीही यात उडी घेतली. व्हिएन्नाची तटबंदी पाडून रुंद रिंग रोड झाला, तेव्हा कामिलो सिट्टे यांनी १८८९ च्या पुस्तकात लिहिलं की हा नवाच आजार या अवाढव्य चौकांतून आलाय. जुन्या आटोपशीर चौकात माणसाला बरं वाटतं. सी रिंग रोडच्या सिग्नलला पायी उभं राहिलं की सिट्टेबुवांचं म्हणणं पटायला लागतं! पण कारण एवढं सोपं नाही. तोच रस्ता हजारो लोक रोज ओलांडतात.

पहिले रुग्ण पुरुष, मग पुढे हा 'बायकांचा आजार' कसा झाला? १९७० च्या आसपास इंग्लंडमध्ये 'घरात अडकलेल्या गृहिणी' असा शब्दच रूढ झाला होता. मला वाटतं, ज्याला पोटासाठी रोज बाहेर पडावंच लागतं, त्याचा आजार लगेच उघडा पडतो. जिने घरातच राहावं अशी अपेक्षा असते, तिचा वर्षानुवर्षं खपून जातो. आपल्याकडे तर उंबरठ्याच्या आत राहणं हा सद्गुणच होता. 'जीव घाबरा होतो' म्हणणाऱ्या बाईची दृष्ट काढली जायची, फार तर लिंबूसरबत मिळायचं. आणि इथे? गाडी नवऱ्याकडे, सामान घरपोच, बाहेर भट्टी. आजाराला लपायला याहून सोयीची जागा कुठली!

आता उपचारांकडे. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये भीतीला पायरी-पायरीने सामोरं जायची पद्धत मांडली. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. क्लेअर वीक्स यांनी १९६२ च्या पुस्तकात साध्या भाषेत सांगितलं : लक्षणांशी झगडू नका, ती येऊ द्या, वेळ जाऊ द्या. न्यूयॉर्कच्या डोनाल्ड क्लाइन यांना त्याच सुमारास दिसलं की इमिप्रामिन या गोळीने पॅनिकचे झटके थांबतात. आपली मंडळीही मागे नव्हती. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. वाहिया यांनी पतंजलीच्या योगकल्पनांवर आधारलेली उपचारपद्धती वापरली, १९७३ मध्ये त्यावर अमेरिकन नियतकालिकात लिहिलं. अल्बर्ट एलिस यांचं विवेकनिष्ठ मानसशास्त्र कि. मो. फडके यांनी पत्रव्यवहारातून शिकून महाराष्ट्रात रुजवलं. ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच आहे. २०१३ मध्ये अमेरिकन निदानपुस्तिकेने अ‍ॅगोराफोबियाला पॅनिकपासून वेगळं, स्वतंत्र स्थान दिलं.

आमच्या मजल्यावरच्या एका वहिनी दीड वर्ष एकट्या लिफ्टनेही उतरल्या नव्हत्या. पुण्यात स्कूटरवरून गावभर फिरणारी बाई! घरच्यांना तो आळस वाटायचा. आधी डॉक्टरांनी थायरॉइड, हृदय, रक्त तपासलं (हे आवश्यकच, कारण धडधड इतर कारणांनीही होते). मग समुपदेशकाने त्यांच्याकडून यादी करून घेतली : वॉचमनपर्यंत एकटीने, कोपऱ्यावरच्या बकाल्यापर्यंत, संध्याकाळी ब्लॉकला एक फेरी, बिन महमूद मेट्रो स्टेशनचा फलाट, मग मेट्रोने एकच स्टेशन, अल सद्द. नियम एकच. भीती शिगेला असताना पळायचं नाही, ती आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. आणि ती उतरतेच. पळालं की मेंदू 'पळालो म्हणून वाचलो' हेच शिकतो.

आता ती काठी. नवऱ्याची सोबत, पर्समधली गोळी, पाण्याची बाटली, सतत चालू फोन या आजच्या काठ्या. सुरुवातीला चालतात, पण हळूहळू सोडाव्या लागतात, नाहीतर श्रेय काठीलाच जातं. नवरे मंडळींनी इथे खास लक्ष द्यावं. "मी आणतो ना सगळं" हे प्रेम आहे, पण तेच कुंपणही होतं. "एवढ्याला काय घाबरायचं" हेही उपयोगाचं नाही. "आज कुठपर्यंत गेलीस?" हा प्रश्न चांगला.

काहींना गोळ्याही लागतात, त्यात कमीपणा नाही, मात्र त्या मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. कतारमध्ये २०२० साली मानसिक आरोग्यासाठी १६००० हा हेल्पलाइन क्रमांक सुरू झाला. मराठीतच बोलायचं असेल तर पुण्या-मुंबईचे समुपदेशक व्हिडिओवर भेटतात. नवऱ्याच्या नोकरीवर किंवा व्हिसावर परिणाम होईल या धास्तीने गप्प बसणारे बरेच आहेत. ती शंका पहिल्या भेटीतच डॉक्टरांना विचारा, पण भेट टाळू नका.

थंडी येईल तेव्हा शेजारच्या दाराकडे एकदा बघा. कोण बाहेर पडलेलं नाही?

कळावे, लोभ असावा.
आपला एक बिन महमूदकर