बाख नेमका कसा वाजवावा?

साहेबाच्या संगीतात सारे काही कागदावर लिहिलेले असते, तेव्हा तेथे आपल्यासारखी घराण्यांची भांडणे नसणार, अशी लहानपणी माझी ठाम समजूत होती. ही समजूत वयाच्या तेराव्या वर्षी धोबीतलावावरच्या एका लाकडी जिन्यात मोडली.

त्या जिन्याच्या माथ्यावर माझे पियानोचे सर राहत. मूळचे बार्देशचे. चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत, लग्नाच्या बँडात व्हायोलिन वाजवीत, आणि उरलेल्या वेळात आम्हां मुलांच्या बोटांना वळण लावीत. त्यांनी मला योहान सेबास्टियन बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लाविअर'मधला पहिला, सी मेजरमधला प्रील्यूड शिकवला आणि पेडलला पाय लावायची सक्त मनाई केली. पेडल म्हणजे पियानोच्या पायथ्याशी असते ती पितळी पट्टी. ती दाबून ठेवली की बोट उचलल्यावरही सूर रेंगाळतो आणि एका सुरावर दुसरा सांडतो. परीक्षा झाली. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिले, की मुलीची बोटे तयार आहेत, परंतु पियानोला पेडल असते हे तिला कोणी सांगितलेले दिसत नाही. गुण बेताचेच. मी जिन्यात बसून रडत होते. सरांनी तो कागद वाचला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "त्याने पियानो ऐकला, बाय. बाख ऐकलाच नाही."

दोघेही जाणते. मग खरे कोणाचे? या प्रश्नामागे मी पुढे बरीच वर्षे हिंडले, आणि मौज अशी की युरोप-अमेरिकेतली मोठमोठी माणसे याच जिन्यात बसून भांडत असलेली मला आढळली.

आधी वाद्यांची ओळख करून घेऊ. बाखचा जन्म १६८५ चा, मृत्यू १७५० चा. त्याच्या काळचे मानाचे वाद्य म्हणजे हार्पसिकॉर्ड. दिसायला पियानोच्या कुळातले, पण जात वेगळी. सतारीची तार नखीने छेडावी तशी हार्पसिकॉर्डची तार आतल्या आत पिसाच्या टोकाने छेडली जाते. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळजवळ तेवढाच. पियानोत तार छेडत नाहीत. संतुराप्रमाणे तिच्यावर हातोडी पडते, आणि बोटाच्या जोराप्रमाणे सूर लहानमोठा होतो. तिसरे एक क्लॅव्हिकॉर्ड होते. त्याचा आवाज इतका बारीक की पलीकडच्या खोलीत पोचू नये, परंतु बोट पट्टीवर असेतोवर सूर थरथरवता येई. बाखचा पहिला चरित्रकार फोर्केल १८०२ साली लिहितो, की बाखला हेच वाद्य सर्वांत प्रिय होते.

आणि पियानो? तो बाखने पाहिलाच नव्हता असे पुष्कळांना वाटते. ते बरोबर नाही. फ्लॉरेन्सच्या क्रिस्टोफोरीने १७०० च्या सुमारासच हातोडीचे वाद्य बनवले होते. जर्मनीत गॉटफ्रीड झिल्बरमानने तसली वाद्ये केली तेव्हा बाखने ती वाजवून पाहिली आणि पट्ट्या जड आहेत, वरचे सूर दुबळे आहेत, असे स्पष्ट सांगितले. झिल्बरमानला राग आला, पण तो कामाला लागला. पुढे सुधारलेले वाद्य बाखला पसंत पडले. १७४७ साली पॉट्सडॅमला फ्रेडरिक राजाच्या वाड्यात, राजाने दिलेल्या सुरावळीचा विस्तार बाखने आयत्या वेळी करून दाखवला, तो झिल्बरमानच्या पियानोवरच. म्हणजे पियानोपक्षाला साक्षीदार मिळाला. पण तो पियानो म्हणजे आजचा लोखंडी चौकटीचा, सभागृह दणाणून सोडणारा पियानो नव्हे. साक्षीदार उलटतपासणीत डळमळतो.

तथापि खरी अडचण वाद्याची नाहीच, कागदाची आहे. बाख सूर लिहितो, आणि ते अत्यंत काटेकोर लिहितो. पण कोठे हळू, कोठे जोरात, कोठे सूर जोडावेत, कोठे तोडावेत, लय किती ठेवावी, याविषयी बहुधा अवाक्षर नाही. अलंकारांच्या बाबतीत मात्र त्याने थोडी दया केली आहे. १७२० साली थोरल्या मुलासाठी सुरू केलेल्या वहीत कोणती खूण कशी वाजवावी याचा तक्ता त्याने स्वतः लिहून ठेवला. बाकी सारे वाजवणाऱ्याच्या जाणतेपणावर सोडलेले. त्या काळी ते शोभून दिसे, कारण शिष्य समोर बसून ऐकत असे. शंभर वर्षांनी ऐकणारा कोणी उरला नाही, कागद तेवढा उरला.

या कोऱ्या जागा भरायला १८३७ साली चेर्नी सरसावला. हा बेथोव्हेनचा शिष्य. 'वेल-टेम्पर्ड'ची आवृत्ती काढताना त्याने पानोपानी लय, जोर, वळणे छापली, आणि बेथोव्हेनला वाजवताना ऐकले त्या आठवणीचा आधार दिला. पुढच्या पिढ्यांनी ते बाखचेच हुकूम समजून पाळले. एवढेच नव्हे, तर माझ्या त्या पहिल्या प्रील्यूडमध्ये एक अख्खा बार जास्तीचा होता. बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधले एक घर. श्वेंके नावाच्या संगीतज्ञाला खालच्या दोन सुरांमधली बाखची उडी खटकली, म्हणून त्याने मध्ये आपली एक पायरी बसवून दिली. चेर्नीने ती ठेवली, आणि गुनोने या प्रील्यूडवर आपली प्रसिद्ध 'आव्हे मारिया' रचली तीही ही पायरी धरूनच. बाखने लिहिले पस्तीस बार, जग वाजवीत होते छत्तीस! बुसोनी तर आणखी पुढे गेला. बाखच्या ऑर्गनच्या आणि व्हायोलिनच्या रचना त्याने पियानोवर आणल्या त्या पियानोची सारी ताकद लावून. त्याला मी लबाडी म्हणणार नाही. तो आपले नाव बाखच्या शेजारी उघड छापीत असे.

याविरुद्ध बंड पुकारले ते एका बाईने. वांडा लांडोव्स्का, जन्म वॉर्साचा, १८७९ चा. पियानोच्या त्या भरजरी बाखला कंटाळून ती हार्पसिकॉर्डकडे वळली. तोवर ते वाद्य संग्रहालयात धूळ खात होते, आणि त्याच्या आवाजाला पत्र्याच्या छपरावरच्या सांगाड्यांची उपमा देणारे विनोदवीरही होते. तिने १९३३ साली 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'चे हार्पसिकॉर्डवर ध्वनिमुद्रण केले. १९४० मध्ये नाझी आले तेव्हा पॅरिसजवळचे घर, ग्रंथ आणि वाद्ये मागे टाकून ती निघाली. घर लुटले गेले. ती न्यूयॉर्कला पोचली तो दिवस ७ डिसेंबर १९४१, म्हणजे पर्ल हार्बरचा. आणि अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९४२ मध्ये, तिने तेथल्या टाउन हॉलमध्ये 'गोल्डबर्ग' वाजवले. बासष्टाव्या वर्षी सर्वस्व गमावून आलेल्या बाईने हे करावे, याला मी तरी निव्वळ वाद्याचा हट्ट म्हणणार नाही. तुम्ही बाख तुमच्या पद्धतीने वाजवा, मी त्याच्या पद्धतीने वाजवते, असे ती कोणा मोठ्या कलावंताला म्हणाल्याची आख्यायिका आहे.

पण गंमत पाहा. तिचे हार्पसिकॉर्ड पॅरिसच्या प्लेयेल कंपनीने खास बनवलेले, आत लोखंडी चौकट आणि पायाशी ओळीने पेडले! बाखला ते दाखवले असते तर त्याने प्रथम खाली वाकून पाहिले असते. जुन्या वाद्यांच्या मापावर हार्पसिकॉर्ड घडवणारे बॉस्टनचे हबर्ड आणि डाउड १९४९ मध्ये पुढे आले, आणि लांडोव्स्काचे वाद्य पाहतापाहता 'अशुद्ध' ठरले. शुद्धतेचे असेच असते. आपल्याकडेही १९४० साली नभोवाणीने पेटीला दार बंद केले आणि ते सुमारे तीन दशके बंद राहिले. पेटी काही त्यामुळे मुकी झाली नाही.

पियानोही झाला नाही. जून १९५५ मध्ये टोरोंटोचा बावीस वर्षांचा ग्लेन गूल्ड आपली ठेंगणी घडीची खुर्ची घेऊन न्यूयॉर्कच्या स्टुडिओत आला आणि तेच 'गोल्डबर्ग' त्याने पियानोवर वाजवले. पेडल जवळजवळ नाहीच, प्रत्येक सूर मोत्यासारखा सुटा, लय काही ठिकाणी छाती दडपणारी. सारे अडतीस मिनिटांत आटोपले. रोझालिन ट्यूरेक ही शिकागोची विदुषी. गूल्ड स्वतः तिचे ऋण मानी. तिने १९५७ मध्ये तेच पियानोवर वाजवले ते सुमारे दीड तास! त्यातला काही फरक पुनरावृत्ती घेण्या-न घेण्याचा, हे खरे. तरीही सूर तेच, वाद्य तेच, दोघेही पेडलबाबत संयमी, आणि घड्याळ मात्र दुपटीहून अधिक सरकलेले. पुढे १९८१ मध्ये गूल्डने ते पुन्हा मुद्रित केले तेव्हा एक्कावन मिनिटे लागली. पुढच्याच वर्षी, पन्नाशी गाठल्यावर थोड्याच दिवसांत, तो वारला.

या रचनेत पियानोवाल्यांची एक फजितीही आहे. १७४१ च्या छापील प्रतीवर बाखने हे दोन मजली पट्ट्यांच्या हार्पसिकॉर्डसाठी आहे असे लिहिले आहे, आणि कोणता भाग एका मजल्यावर, कोणता दोन, हेही सांगितले आहे. पियानोला मजला एकच. त्यामुळे काही ठिकाणी दोन्ही हात एकाच पट्टीवर येऊन धडकतात, एकाला दुसऱ्याखालून सरपटावे लागते. येथे हार्पसिकॉर्डपक्षाचे म्हणणे मला निरुत्तर करते. परंतु चार आवाज एकमेकांत गुंफलेल्या फ्यूगमध्ये, मधला आवाज किंचित पुढे काढून "हा पाहा, येथे आला" असे श्रोत्याला दाखवणे पियानोलाच साधते. ते ऐकले की मी पुन्हा पियानोवाली होते. पेडलचे म्हणाल, तर आंद्राश शिफने २०११ मध्ये सारा 'वेल-टेम्पर्ड' पेडलला पाय न लावता मुद्रित केला. ती तबकडी ऐकताना मला तो परीक्षेचा कागद आठवला. सर तोवर हयात नव्हते.

त्यांच्या मागे त्यांच्या भाचीने त्यांची 'वेल-टेम्पर्ड'ची प्रत मला आणून दिली. चेर्नीचीच आवृत्ती, पाने पिवळी पडलेली. सरांनी ब्लेडच्या टोकाने छापील जोराच्या खुणा, वळणे, लयीचे आकडे, सारे एकेक करून खरवडून काढले होते. किती रात्री बसले असतील कोण जाणे. पहिल्या प्रील्यूडमधला श्वेंकेचा बार तर त्यांनी इतक्या त्वेषाने खरवडला, की तेथे कागदाला भोकच पडले. पान उलटले की मागे पहिला फ्यूग आहे. त्या भोकात फ्यूगच्या मधल्या आवाजाचे दोन सूर गेले आहेत. दुसरी प्रत पाहून मी ते कडेला पेन्सिलीने लिहून ठेवले आहेत.