क्षयरोगाचा अर्धवट उपचार आणि कोकणातील चाकरमानी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
क्षयरोगाच्या उपचारात योग्य औषध मिळण्याइतकेच ते पूर्ण मुदतीपर्यंत घेणे महत्त्वाचे असते. उपचार मध्येच सुटल्यास रोग उलटतो आणि जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो. उपचार सोडण्याच्या कारणांची चर्चा करताना अज्ञान, दारिद्र्य, व्यसन व निष्काळजीपणा यांची यादी देण्याचा प्रघात आहे. ही कारणे खोटी नाहीत; मात्र त्यांतील बहुतेक रुग्णाच्या पदरी दोष टाकतात. प्रस्तुत लेखात चिपळूण तालुक्यातील सावर्डे परिसरासारख्या, मुंबईशी पिढ्यान्‌पिढ्या जोडल्या गेलेल्या गावांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे. उपचाराची व्यवस्था एका पत्त्यावर राहणारा रुग्ण गृहीत धरून उभी राहिली. कोकणातील रुग्णाला मात्र दोन पत्ते होते, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

गावी जाणे हाच उपचार :
१९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईच्या शंभर रहिवाशांपैकी सुमारे ८४ जण शहराबाहेर जन्मलेले होते आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांची संख्या सर्वांत मोठी होती. गिरणगावातील चाळीच्या एका खोलीत अनेकांचे बिऱ्हाड असे. अशा दाटीत क्षयाचा प्रसार होणे अपरिहार्य होते. त्या काळी रोगावर औषध नव्हते. विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा एवढाच वैद्यकाचा सल्ला असे. ऐपतदार रुग्ण आरोग्यधामाची वाट धरी. गिरणी कामगाराचे आरोग्यधाम म्हणजे त्याचे गाव. खोकला बळावला की तो बोटीने कोकणात परते. आज ज्याला आपण उपचारातील खंड म्हणतो, ते गावी जाणे त्या काळी वैद्यकाच्या सल्ल्याला धरूनच होते. ही सवय अडाणीपणाची नव्हती, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे.

औषध आले, अपेक्षा बदलली :
१९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन व पास, तर १९५२ मध्ये आयसोनियाझिड उपलब्ध झाले. १९५६ मध्ये मद्रास येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. तेथील १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आरोग्यधामातील ९२ टक्के, तर घरी उपचार घेणाऱ्या ८६ टक्के रुग्णांचा रोग वर्षाअखेर जंतुपरीक्षेच्या दृष्टीने शांत झालेला आढळला. हवापालटाचे महत्त्व या निष्कर्षाने संपुष्टात आणले. उपचार घरी आला. पण घर म्हणजे कोणते? मद्रासमध्ये रुग्ण शहरातच राहत होते, कर्मचारी अवचित भेट देऊन गोळ्या मोजत आणि लघवीची तपासणी करीत. १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात अशी देखरेख शक्य नव्हती. रुग्णाने जवळच्या केंद्रातून महिन्याची औषधे न्यावीत आणि वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ घ्यावीत, अशी रचना होती.

काही आठवड्यांतच ताप उतरतो, भूक लागते. बरे वाटू लागलेल्या माणसाला पासच्या मळमळ आणणाऱ्या मात्रा घेत राहण्याचे कारण उरत नाही. त्यातच शिमगा, पेरणी, गणपती यांसाठी गावी जाणे येई. औषधांचे कार्ड मुंबईच्या दवाखान्यात आणि रुग्ण डोंगरउतारावरील वाडीत, अशी ही विभागणी होती. १९८२ च्या गिरणी संपानंतर तर अनेक कामगार कायमचेच गावी परतले.

पेटी व पत्ता :
१९९२ च्या आढाव्यात कार्यक्रमातील अपयश स्पष्ट झाले. निदान झालेल्यांपैकी फार थोडे रुग्ण उपचार पूर्ण करीत होते. पुढे सुधारित कार्यक्रम आला आणि मार्च २००६ पर्यंत डॉट्स पद्धती देशभर पोहोचली. प्रत्येक रुग्णाच्या नावाची, संपूर्ण उपचाराची स्वतंत्र पेटी ही तिची जमेची बाजू. औषध संपले म्हणून रिकाम्या हाताने परत जाण्याची वेळ त्यामुळे टळली. परंतु आठवड्यातून तीनदा कोणासमोर तरी गोळी गिळण्याची अट, रोजंदारी करणाऱ्या माणसासाठी आणि लग्नाच्या वयाच्या मुलीसाठी, सोपी नव्हती. मुलीच्या घरी आरोग्यसेवक वारंवार येतो ही गोष्ट वाडीत लपत नाही. शिवाय सलग दोन महिने औषध न घेणाऱ्याची ‘डिफॉल्टर’ म्हणून नोंद होई. मुंबईहून निघताना बदलीचा कागद न घेतलेला आणि उपचाराला कंटाळलेला, असे दोघेही त्याच रकान्यात जात. प्रस्तुत लेखकाच्या मते या एका रकान्याने कारणांचा शोध घेण्याची वाटच बंद केली.

२०१२ पासून ‘निक्षय’ या संगणकीय प्रणालीत रुग्णाची नोंद होऊ लागली, त्यामुळे एका जिल्ह्यातील नोंद दुसऱ्या जिल्ह्यात पाहता येते. २०१७ पासून उपचार पुन्हा दैनंदिन झाला. एप्रिल २०१८ मध्ये सुरू झालेले दरमहा ५०० रुपयांचे पोषण साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये करण्यात आले. ते बँक खात्यात जमा होत असल्याने गाव बदलले तरी मिळू शकते. दरम्यान २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या व्याख्यांतून ‘डिफॉल्ट’ हा शब्द वगळून त्याऐवजी ‘पाठपुराव्यातून सुटलेला’ अशा अर्थाची संज्ञा स्वीकारली. पाठपुरावा कोणी करावयाचा, हा प्रश्न त्या संज्ञेतच येतो. सावर्डे स्थानकावर कोकण रेल्वेतून उतरणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तो मुंबईच्या केंद्राला आणि रत्नागिरी जिल्ह्यातील केंद्राला, दोघांनाही विचारावा लागतो.