उच्चार आणि उपदेश

ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेसाठीं कांहीं लिहावें अशी आज्ञा झाली, तेव्हां आम्हीं एक जुना प्रश्न हातीं घेतला. बोलणाऱ्याचा शब्द शुद्ध, ऐकणाराहि तीच भाषा जाणणारा, आणि तरीहि केवळ उच्चाराच्या ढबीमुळें शब्द कानाच्या उंबरठ्यावरच अडतो. पवित्र ख्रिस्तसभेला ह्या अडचणीशीं पुष्कळ शतकें झगडावें लागलें आहे.

संत पेत्र मुख्य याजकाच्या अंगणांत असतां त्याच्या बोलण्यावरूनच तो ओळखला गेला, हें वाचकांस ठाऊक आहे. गालीलकरांची बोली नुसती ओळखूं येई इतकेंच नव्हे, तर कित्येकदां ती यहूदियाच्या लोकांना कळतहि नसे. कारण कंठांतून निघणारे निरनिराळे वर्ण गालीलकर एकमेकांत मिसळीत. यहूद्यांच्या तालमुद ग्रंथांत ह्याची एक गंमत नमूद आहे. एका गालीलकरानें 'अमार' कोणापाशीं आहे म्हणून विचारलें. लोकांनीं उलट त्यालाच विचारलें कीं, तुला बसावयास गाढव हवें, प्यावयास द्राक्षारस हवा, वस्त्रासाठीं लोकर हवी, कीं कापावयास कोकरूं हवें? चारहि शब्द त्याच्या तोंडून सारखेच निघत होते!

कानाची रीतच अशी आहे. ऐकलेला प्रत्येक ध्वनि तो आपल्या मातृभाषेच्या ठराविक खणांत टाकतो. इंग्रज मनुष्य 'ताक' म्हणूं गेला तर आम्हांस 'टाक' ऐकूं येतें. पोर्तुगीज 'टाक' म्हणूं गेला तर 'ताक'. दोघांच्याहि भाषेंत त आणि ट असे दोन वेगळे खण नाहींत.

आठव्या शतकांत संत बोनिफास जर्मन मुलुखांत कार्य करीत असतां, बव्हेरियांतील एका अल्पशिक्षित धर्मगुरूनें बाप्तिस्म्याचे लॅटिन शब्द असे मोडून उच्चारले कीं, 'पित्याच्या' ह्याऐवजीं 'पितृभूमीच्या' आणि 'पुत्राच्या' ह्याऐवजीं 'कन्येच्या' असा कांहींसा अर्थ व्हावा. बोनिफासनें त्या लोकांचा पुन्हा बाप्तिस्मा करण्याचा हुकूम दिला. तक्रार रोमला गेली. पोप झकारिया ह्यांनीं इ. स. ७४६ त उत्तर पाठविलें कीं, ही चूक पाखंडामुळें नव्हे, भाषेच्या अज्ञानामुळें झाली आहे. सबब पुन्हा बाप्तिस्मा करूं नये. संस्काराची कृपा बोलणाऱ्याच्या जिभेवर टांगलेली नाहीं, असा हा निवाडा होय.

उपदेशाचें मात्र तसें नाहीं. जो कळला नाहीं तो उपदेश झालाच नाहीं, आणि हें पहिल्यानें लख्ख दिसलें तें फ्रान्स देशांत. तेथील लोक लॅटिन म्हणूनच बोलत, परंतु शतकानुशतकें जिभेवर घासून शब्दांचा आकार बदलला होता. बाग ह्या अर्थाचा शब्द पुस्तकांत 'विरिदिआरिउम्' असा लिहीत, आणि तोंडानें 'वेर्जिएर' असें कांहींसें म्हणत. देवळांत वाचणाराहि तसेंच वाची, म्हणून शेतकऱ्याला कळे. पुढें शार्लमान राजानें इंग्लंडांतील यॉर्क येथील विद्वान अल्क्विन ह्यास बोलावून घेतलें. इंग्रजांच्या घरांत लॅटिन कधींच बोलली जात नसे. ती त्यांनीं पुस्तकांतून शिकलेली, म्हणून ते प्रत्येक अक्षर सुटें करून उच्चारीत. अल्क्विननें हीच शिस्त फ्रान्समध्यें आणली, आणि जें लॅटिन काल समजत होतें तें आज परकें झालें, असें कांहीं आधुनिक विद्वानांचें मत आहे. आम्हांस तें पटतें. कारण अल्क्विन ज्या टूर शहरीं मठाधिपति होऊन वारला, तेथेंच ८१३ सालीं भरलेल्या धर्मसभेनें ठरविलें कीं, प्रवचनें लोकांच्या साध्या रोमन बोलींत अथवा जर्मन बोलींत उतरवून सांगावीं, म्हणजे सर्वांना सुलभपणें समजतील. शुद्धतेच्या हौसेनें दार बंद झालें, आणि लोकभाषेसाठीं खिडकी उघडावी लागली.

विद्वानांचीहि गत ह्याहून बरी नव्हती. १५२८ सालीं एरास्मस ह्यानें लॅटिन व ग्रीक उच्चारांवर संवाद लिहिला. त्यांत तो सांगतो कीं, सम्राट मॅक्सिमिलियनपुढें एका फ्रेंच गृहस्थानें लॅटिनमध्यें भाषण केलें, तेव्हां हजर असलेल्या इटालियनांस तो फ्रेंच बोलतो आहे असेंच वाटलें. लायडन येथें राहणाऱ्या स्कॅलिजर पंडिताकडे एक इंग्रज येऊन पाव तास लॅटिन बोलला. स्कॅलिजरनें नम्रपणें क्षमा मागितली, कीं आपणांस इंग्रजी नीटशी समजत नाहीं! बिचाऱ्या पाहुण्याच्या मुद्रेची आम्हांस कल्पना करवते.

पोप दहावे पायस ह्यांनीं १९१२ त बूर्जच्या आर्चबिशपांस लिहून रोमन पद्धतीचा उच्चार स्वीकारण्यास उत्तेजन दिलें. तरीहि १९६२ सालीं व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेंत निरनिराळ्या देशांच्या बिशपांचें लॅटिन एकमेकांस समजेना, आणि बोस्टनच्या कार्डिनल कुशिंग ह्यांनीं तात्काळ भाषांतराच्या यंत्राचा खर्च देऊं केला. त्याच महासभेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेंत मातृभाषेस वाट करून दिली.

आमच्या बाजूस हा विचार फार आधीं झाला होता. १६०६ सालीं गोव्याच्या पांचव्या प्रांतिक धर्मसभेनें, धर्मग्रामाच्या पाळकाला तेथील लोकांची भाषा आली पाहिजे, असें ठरविलें. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघी १५७९ त गोव्यास आले आणि १६१९ त तेथेंच वारले. १६१६ त त्यांचें 'ख्रिस्तपुराण' छापलें गेलें, तेंहि रोमन लिपींत. त्या लिपींत ट, ड, ण, ळ ह्यांना अक्षरेंच नव्हतीं. म्हणून गोव्यांतील त्या काळच्या मिशनऱ्यांनीं युक्ति काढली: तेंच रोमन अक्षर दोनदां लिहावयाचें. वाचणाऱ्या परदेशी पाद्रीला जोडअक्षर दिसलें कीं जीभ मागें वळवून टाळूला लावावयाची, म्हणजे समोर बसलेल्या बाईला 'टाक' हें 'टाक'च ऐकूं जाई.